खाऱ्या वाऱ्यातली वीज आणि घरातलं गाणं

बोईसर-तारापूर पट्ट्यात विजेचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. अणुशक्ती केंद्र उशाशी, आणि आमच्याच घरात लाइट डिम! नवापूरच्या किनाऱ्यानं उत्तरेला निघालं की दांडी, उच्छेळीच्या पुढे तारापूरचं केंद्र लागतं. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. देशातली ती पहिली अणुवीज. २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या आल्या आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी, पोफरण ही गावं उठली. त्यामुळे या तक्रारीत नुसती गैरसोय नाही, जमीन गेल्याचं दुःखही आहे, आणि ते कुणी हलक्यात घेऊ नये.

पण विजेच्या प्रतीचा विचार करायचा तर केंद्र जवळ असल्याचा काही उपयोग नसतो. तिथली वीज उच्च दाबाच्या वाहिन्यांवर चढते आणि ग्रिडमध्ये मिसळते. नवापूरच्या घरात येणारी वीज त्याच ग्रिडमधून उपकेंद्र, ११ केव्हीची लाइन, गावातली डीपी (वितरणाचा ट्रान्सफॉर्मर) आणि खांबावरच्या चार तारा अशी पायरीपायरीनं उतरते. ती बिघडते या शेवटच्या काही पायऱ्यांवर. डीपीपासून जितकं लांब घर, तितकी संध्याकाळी तारेत जास्त वीज खर्ची पडते. आठ वाजता सगळ्यांचे पंखे, एसी, पंप एकदम चालू झाले की शेवटच्या खांबावरच्या घरात २३० व्होल्टचे २०० कधी होतात ते कळतही नाही.

मला या विषयात ओढलं ते गाण्यानं. मुंबईची नोकरी संपवून गावाकडच्या घरी राहायला आलेली किंवा बोईसरच्या कंपन्यांत आयुष्य काढलेली माणसं आता निवांत ऐकायला चांगला अँप्लिफायर, चांगले स्पीकर घेतात. कुणी जुन्या रेकॉर्डी बाहेर काढतं. यंत्र घरी आलं की आठवड्याभरात दुकानदाराचा किंवा एखाद्या हौशी मित्राचा सल्ला येतो: पॉवर कंडिशनर घ्या, त्याशिवाय खरा आवाज कळणार नाही. वीज ‘शुद्ध’ करणारं हे खोकं काही हजारांपासून सुरू होतं आणि परदेशी नावाचं असलं तर लाखाच्या घरात जातं. कोणतं घेऊ, असं मला अनेकदा विचारतात. माझं मत मी आधीच सांगून टाकतो. या किनाऱ्यावर पहिला पैसा अर्थिंगवर घालावा, दुसरा जादा व्होल्टेज आलं तर वीज तोडणाऱ्या संरक्षणावर, तिसरा चांगल्या सॉकेटवर. एवढं झाल्यावरही काही ऐकू येत असेल तरच कंडिशनरचा विचार करावा. असं का म्हणतो, ते जरा सविस्तर सांगायला हवं.

अँप्लिफायर भिंतीतली वीज जशीच्या तशी स्पीकरला देत नाही. आत ट्रान्सफॉर्मर ती खाली उतरवतो, रेक्टिफायर तिला एका दिशेची करतो आणि मोठे कपॅसिटर तिचा साठा करून तिला सपाट करतात. चांगल्या अँप्लिफायरमध्ये हे कपॅसिटर प्रत्येकी दहा हजार मायक्रोफॅरडचे किंवा त्याहून मोठे असतात. म्हणजे एक कंडिशनर तुम्ही यंत्राबरोबरच विकत घेतलेला असतो. मुख्य लाइन दहा टक्क्यांनी पडली तर साध्या अँप्लिफायरची कमाल ताकद सुमारे १९ टक्क्यांनी घटते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आकडा भीतिदायक वाटतो, पण कानाच्या मापात तो फरक एक डेसिबलपेक्षाही कमी आहे, आणि तोही यंत्र अगदी कमाल आवाजावर चालवलं तरच. घरातल्या बैठकीच्या खोलीत ख्याल ऐकताना दोन-चार वॉटच्या वर कुणी जात नाही. तेव्हा संध्याकाळच्या २१० व्होल्टनं तुमचा तानपुरा बिघडला, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

अँप्लिफायर खरोखर मरतो तो वेगळ्याच कारणानं. खांबावर चार तारा असतात, तीन फेज आणि एक न्यूट्रल. एखादं घर एका फेजवर, शेजारचं दुसऱ्या, पलीकडचं तिसऱ्या. न्यूट्रल ही सगळ्यांची सामाईक परतीची तार. ती तुटली किंवा डीपीतला तिचा जोड सैल झाला, तर दोन फेजवरची घरं एकमेकांशी सलग जोडल्यासारखी होतात आणि त्यांच्यामध्ये दोन फेजमधलं ४०० व्होल्टचं अंतर वाटलं जातं. वाटणी सारखी होत नाही. ज्या घरात गीझर, इस्त्री चालू आहे तिथे दिवे मंदावतात. ज्या घरात फक्त एक बल्ब आणि गाण्याचं यंत्र चालू आहे, तिथे व्होल्टेज पार ३०० च्या वर, कधी ४०० च्या जवळ चढतं. बल्ब एकदम लख्ख होतो, पंखा घरघरत वेग घेतो, आणि मग एकेक वस्तू जळायला लागते. वादळवारा, जुने जोड आणि खारी हवा असेल तिथे हे घडतं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं, तेव्हा विजेचं जाळं किती नाजूक आहे ते पालघर जिल्ह्यानं पाहिलं. वीज जाते तेव्हा नुकसान क्वचित होतं, बहुतेकदा ती परत येते त्या पहिल्या काही क्षणांत होतं. म्हणून लाइट गेली की गाण्याच्या यंत्राचं बटण बंद करायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. याला पैसे लागत नाहीत.

आता ‘स्पाइक गार्ड’ नावानं विकला जाणारा बोर्ड आतून कसा असतो ते पाहू. मागचे स्क्रू काढले की पितळी पट्ट्यांच्या दोन रांगा दिसतात, एक लाल दिवा, एक छोटा फ्यूज किंवा थर्मल बटण, आणि फेज-न्यूट्रलच्या मध्ये सोल्डर केलेली एक निळी, नाण्याएवढी गोल चकती. ती चकती म्हणजे मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर. तिच्यावर १४डी४७१ किंवा २०डी४७१ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४७१ चा अर्थ ४७ वर एक शून्य, म्हणजे ४७० व्होल्टला ती वीज वाहू देऊ लागते. सतत सोसण्याची तिची मर्यादा ३०० व्होल्ट एसी. विजेच्या कडकडाटात लाइनवर सेकंदाच्या लाखाव्या भागापुरता जो झटका येतो, तो ती स्वतःवर घेते आणि त्यात ती दर वेळी थोडी झिजते. पण न्यूट्रल तुटून ३९० व्होल्ट मिनिटभर राहिले तर प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला ती वाहते, तापते, काळी पडते, कधी पेट घेते. संरक्षण म्हणून घेतलेल्या वस्तूनंच आग लागू शकते. चांगल्या उत्पादनात चकतीला लागून थर्मल फ्यूज असतो. स्वस्तात तो नसतो. काही बोर्डांत तर चकतीच नसते, फक्त लाल दिवा असतो. दुकानात खोकं उघडून दाखवा म्हणायला संकोच करू नका.

याचा अर्थ असा की, कंडिशनर कितीही महाग असला तरी त्यात जादा व्होल्टेजला वीज पूर्ण तोडणारा भाग आहे का, हा पहिला प्रश्न. मीटरनंतरच्या पेटीत बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर हे काम करतो आणि अख्ख्या घरासाठी करतो. फ्रीज, टीव्ही, गाणं, सगळंच त्याच्या छत्राखाली येतं. साधारण २७० च्या वर आणि १७०-१८० च्या खाली तो वीज तोडतो, आणि दाब स्थिर झाल्यावर थोड्या वेळानं पुन्हा जोडतो. किंमत परदेशी कंडिशनरच्या एका वायरपेक्षा कमी. मला विचाराल तर किनारपट्टीच्या प्रत्येक घरात तो असायलाच हवा. सरकारी घरकुल योजनेतल्या घरांतसुद्धा.

अर्थिंगचं दुखणं या भागात वेगळं आहे. समुद्राजवळची जमीन ओली आणि खारी, म्हणून विजेला ती सहज वाट देते. डोंगराळ जांभ्याच्या गावांपेक्षा इथे अर्थिंग करणं सोपं. पण तेच मीठ जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपला खातं. कोळसा-मिठाचा खड्डा करून पुरलेला पाइप वरून धडधाकट दिसतो आणि खाली त्याची चाळण झालेली असते. जोडाचा नट गंजला की पाइप शाबूत असूनही अर्थिंग नसतं. तांबं चढवलेला रॉड आणि जोडावर ग्रीस, हा इथला खरा उपाय. जुन्या घरांत तर सॉकेटच्या तिसऱ्या मोठ्या भोकामागे तारच नसते. वायरमन फेज आणि अर्थिंगमध्ये शंभर वॉटचा टेस्ट लॅम्प लावून पाहतात: तो नेहमीच्याच तेजानं पेटला तर ठीक, मंद पेटला तर पाइप गेला. पेटीत आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल तर या चाचणीत तो पडेल, तेव्हा हे काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. शिवाय मल्टिमीटरनं तीन मापं घ्यावीत: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर घर निरोगी. तिसरं माप वीस-तीस दाखवत असेल तर कंडिशनरची जाहिरात वाचणं थांबवून वायरमनला फोन करावा.

हवेबद्दलही बोललं पाहिजे. तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडतात आणि त्याविरुद्ध इथले मच्छीमार वर्षानुवर्षं भांडत आहेत; माझ्या लेखी त्यांचं भांडण या लेखाच्या विषयापेक्षा फार मोठं आहे. विजेपुरतं सांगायचं तर खारा वारा पितळेला हिरवं करतो आणि गंधकाची संयुगं चांदी-तांब्याला काळं करतात. सॉकेटची स्प्रिंग सैल, पिन हिरवट, आणि त्यात मोठा अँप्लिफायर. प्लग हाताला गरम लागतो. तिथे वीज उष्णतेत जाते आणि बारीक ठिणग्याही पडतात. खांबावरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवरही हिवाळ्या-उन्हाळ्यात मिठाचा थर बसतो. पहाटेच्या दवानं तो ओलावला की त्यावरून वीज रांगते आणि रेडिओवर करकर ऐकू येते. पहिल्या मोठ्या पावसात तो धुऊन जातो. कंडिशनर विकत घेण्याआधी सोळा अँपिअरचे चांगले, आयएसआय छापाचे सॉकेट बसवा आणि दर काही वर्षांनी बदला.

आता खुद्द आवाजाकडे. लोक सगळ्यालाच ‘हमिंग’ म्हणतात, पण रोग तीन आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे. स्पीकरच्या तारा काढल्या तरी यंत्राचं खोकंच गुणगुणत असेल तर आतला ट्रान्सफॉर्मर कंप पावतो आहे. लाइनवर थोडी एकदिश वीज मिसळली की गोल, टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर हमखास असं करतो. केस वाळवण्याचं यंत्र अर्ध्या वेगावर चालवलं तर शेजारच्या खोलीतही हे घडतं, कारण काही यंत्रांत तो अर्धा वेग डायोडनं मिळवलेला असतो. यावर डीसी ब्लॉकर नावाचं साधं सर्किट पुरतं. दुसरा रोग: स्पीकरमधून सतत ‘हं’. इनपुटच्या वायरी एकेक करून काढा. सेट-टॉप बॉक्सची वायर काढल्यावर आवाज थांबला तर केबलवाल्याची तार आणि तुमचं अर्थिंग यांच्यात वळसा तयार झाला आहे. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर लावावीत, केबलच्या तारेला आयसोलेटर लावावा. काही जण अर्थिंगची पिनच काढून टाकतात. आवाज थांबतोही, पण त्या दिवसापासून यंत्राचा धातूचा सांगाडा घरातल्या लेकराबाळांसाठी धोका होतो. हे कधीही करू नये. तिसरा रोग: पंखा कमी केला की चरचर. जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रत्येक आवर्तनाचा तुकडा तोडतो आणि ती धार सगळ्या वायरिंगमध्ये फिरते. टप्प्याटप्प्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की प्रश्न मिटतो. स्वस्त एलईडी आणि मोबाइलचे चार्जर हेही त्याच जातीचे.

कुठला रोग कुठून येतो ते शोधायला मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर फार उपयोगी. दोन स्टेशनांच्या मधली मोकळी जागा लावायची, आवाज वाढवायचा आणि खोलीतल्या एकेका वस्तूजवळ न्यायचा. जिच्याजवळ करकर वाढते, ती दोषी. महागड्या विश्लेषकाइतकं अचूक नाही, पण कंडिशनर विकणारा तुमच्या घरी येऊन एवढंही करत नाही.

इतकं करूनही गरज उरली, तर कुठल्या जातीचं यंत्र घ्यावं ते दुखण्यावरून ठरतं. नुसता फिल्टर उच्च कंपनांची घाण अडवतो. पडलेलं व्होल्टेज तो उचलत नाही. स्टॅबिलायझर उचलतो. त्यातला रिलेवाला दर टप्प्याला ‘टक्’ करतो आणि शांत आलापात ते जाणवतं. सर्व्होवाला मऊपणे एखाद्या टक्क्याच्या आत धरून ठेवतो, पण त्यातला कार्बन ब्रश खाऱ्या हवेत झिजतो, वर्षा-दोन वर्षांनी पाहावा लागतो. एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हा माझ्या मते सर्वांत कमी लेखला गेलेला पर्याय. तो घराच्या वायरिंगमधली, फेज-न्यूट्रल दोन्हींवर एकदम येणारी घाण तोडतो, त्यात झिजणारं काही नाही, आणि बोईसरमध्ये कारखान्यांच्या मोटारी भरणारे कारागीर आहेत, चांगला कारागीर तो मागणीप्रमाणे भरून देतो. तांब्याचीच तार, वायंडिंगच्या दोन थरांमध्ये तांब्याचा पडदा, आणि गरजेच्या दुप्पट क्षमता, एवढं ठामपणे सांगावं. दुसऱ्या बाजूचं अर्थिंग कसं जोडायचं ते मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावं. रेकॉर्ड प्लेअरपासून तो लांब ठेवावा, नाहीतर सुईच त्याची गुणगुण उचलते.

स्थिर दाब देणारा फेरोरेझोनन्ट सीव्हीटी नव्वदच्या दशकात कार्यालयांतल्या संगणकांखाली ठेवलेला असायचा. मजबूत, पण स्वतःच गुणगुणणारा आणि तापणारा. ऑनलाइन यूपीएस वीज पूर्ण नव्यानं बनवून देतो. त्याचा पंखा दुसऱ्या खोलीत राहील अशी सोय असेल तरच गाण्याला चालतो. लोडशेडिंगच्या काळात घेतलेला चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर अँप्लिफायरला लावू नये. साइन वेव्हचा चालतो.

वीज नव्यानं बनवणारी ‘रीजनरेटर’ यंत्रं वारंवारताही पक्की करतात, असं सांगून विकली जातात. एके काळी याला अर्थ होता. पश्चिम विभागाची ग्रिड संध्याकाळी ५० हर्ट्झच्या बरीच खाली घसरायची. सिंक्रोनस मोटारीचा रेकॉर्ड प्लेअर ४८.५ हर्ट्झवर तीन टक्के हळू फिरतो, आणि तीन टक्के म्हणजे सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराच्या निम्मं. गायकाची पट्टीच उतरायची. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात वारंवारतेशी दर जोडणारी पद्धत आली, ग्रिड सावरली. आज नियमानं ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये धरायची असते. तो फरक कुणाच्याही कानाला कळत नाही. तेव्हा या कारणासाठी लाखभर रुपये घालू नयेत.

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंच्या मागे एक छोटा प्लग असायचा. गावातल्या व्होल्टेजप्रमाणे तो २०० वर, २३० वर किंवा २५० वर लावायचा. ठाण्याला मर्फी रेडिओचा कारखाना होता त्या काळात दुकानदार घरी येऊन तो लावून द्यायचे. आपल्या गावची वीज कशी आहे ते आधी पाहायचं, मग यंत्र तिला जुळवायचं, ही रीत तेव्हा सामान्य होती. आता यंत्रं हुशार झाली आणि पाहण्याची सवय सुटली.

अमेरिकेतल्या भाच्यानं आणलेला कंडिशनर लावायच्या आधी त्याची पाटी वाचा. १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० वर तो पहिल्याच क्षणी जळेल. नवापूर-बोईसरहून बहुतेक जण लोकलनं ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत जातात. तिथे घासाघीस किमतीवर करण्याऐवजी परतीच्या मुदतीवर करा: पंधरा दिवस घरी लावून पाहीन, फरक पडला नाही तर परत आणीन. घरच्या कुणाला तरी कंडिशनर आहे की नाही ते न सांगता तीच रेकॉर्ड लावायला सांगा, आणि तुम्ही ओळखा. ओळखता आलं नाही तर पैसे वाचले.

आणि दाब सतत पडत असेल तर तो प्रश्न तुमच्या खिशानं सोडवायचा नाही. नियामक आयोगाच्या नियमांत घरगुती दाबाला सहा टक्क्यांची मुभा आहे. २३० धरलं तर २१६ ते २४४. आठवडाभर रोज रात्री आठ वाजता मल्टिमीटरचा आकडा लिहून ठेवा, शेजारच्या दोन-तीन घरांना लिहायला सांगा आणि १९१२ वर महावितरणकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. सामाईक तक्रारीवर डीपीची क्षमता वाढली तर अख्ख्या आळीचा प्रश्न सुटतो. तुमच्या बैठकीतला कंडिशनर तो फक्त तुमच्यापुरता झाकतो.

या दिवाळीत बोनस हातात पडला तर लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी एक दिवस परवानाधारक वायरमनला घरी बोलवा. अर्थिंग मोजून घ्या आणि तो आकडा तारखेसह मीटरच्या पेटीच्या आत लिहून ठेवा. पुढच्या मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, पुन्हा मोजाल तेव्हा तो लागेल.